उत्तरेकडे जाता जाता मुळांवरची बुरशी का बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीवरच्या बहुतेक वनस्पती मुळांतल्या बुरशीशी भागीदारी करून जगतात. ही भागीदारी सगळीकडे सारखी नसते. ॲमेझॉनच्या जंगलात ती एका प्रकारची असते, फिनलंडच्या पाइनच्या जंगलात अगदी वेगळ्या प्रकारची. का, याबद्दल विद्यार्थी, शेतकरी आणि वृक्षारोपण करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मायकोरायझा म्हणजे नेमकं काय?

वनस्पतीचं मूळ आणि बुरशी यांची जोडी. बुरशीचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. त्यामुळे मातीच्या ज्या फटींत मूळ शिरू शकत नाही तिथे ते पोचतात आणि स्फुरद, नत्र, पाणी मुळाशी आणून देतात. बदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर आणि स्निग्ध द्रव्यं बुरशीला देतं.

हा शब्द 1885 साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी रूढ केला. प्रशियाच्या सरकारला ट्रफल या महागड्या भूमिगत कवकाची लागवड करायची होती आणि त्याचा अभ्यास फ्रँक यांच्याकडे सोपवला होता. ट्रफलची लागवड काही साधली नाही. पण जंगलातल्या झाडांच्या मुळांवर बुरशीचं आवरण असूनही झाडं निरोगी आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. बुरशी म्हणजे रोग असंच तेव्हा मानलं जाई, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला बराच विरोध झाला.

याचे प्रकार किती?

मुख्य चार. पुढची सगळी उत्तरं पहिल्या दोन प्रकारांतल्या फरकावर उभी आहेत, म्हणून ते नीट समजून घ्या.

आर्बस्क्युलर प्रकारात बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरते आणि तिथे झुडपासारख्या बारीक फांद्या फोडते. देवाणघेवाण तिथेच होते. वनस्पतींच्या सुमारे 70 टक्के जाती या गटात येतात. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस, ऊस, कांदा, आंबा, फणस, साग हे सगळे यातलेच. ही भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, ज्या वनस्पतींना अजून खरी मुळंही नव्हती त्यांच्या पेशींत ही बुरशी सापडली आहे.

एक्टो प्रकारात बुरशी पेशीत शिरत नाही. ती मुळाच्या टोकाभोवती आवरण तयार करते आणि पेशींच्या मधल्या जागेत जाळं विणते. पाइन, देवदार, ओक, बर्च, बीच आणि आपल्याकडचा साल ही याची झाडं. वनस्पतींच्या जेमतेम 2 टक्के जाती या गटात आहेत. आकडा लहान दिसतो, पण झाडांची संख्या मोजायला गेलं की चित्र उलटतं. ते पुढे येईलच.

तिसरा एरिकॉइड, म्हणजे हीदर, ब्लूबेरी आणि हिमालयातल्या बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) कुळाचा. चौथा ऑर्किडचा. ऑर्किडचं बी इतकं बारीक असतं की बुरशीने खाऊ घातल्याशिवाय ते निसर्गात रुजतच नाही. याशिवाय मोहरी, कोबी, मुळा, पालक, राजगिरा अशा काही वनस्पती बहुधा बुरशीशिवायच राहतात.

अक्षांशानुसार नेमकं काय बदलतं?

ढोबळ चित्र असं. विषुववृत्ताजवळच्या उष्ण, दमट जंगलांत आर्बस्क्युलर झाडांचं राज्य. समशीतोष्ण पट्ट्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी. त्याच्या उत्तरेला, कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सायबेरियाच्या सूचिपर्णी जंगलांत एक्टो. झाडं संपून झुडपांचा प्रदेश सुरू झाला की एरिकॉइड वनस्पतींचं प्रमाण वाढतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड रीड यांनी 1991 मध्ये हा क्रम मांडला.

तो मुख्यतः निरीक्षणांवर आणि तर्कावर आधारलेला होता. मोजदाद झाली 2019 मध्ये. स्टायडिंजर आणि सहकाऱ्यांनी 11 लाखांहून अधिक वनभूखंडांची आणि सुमारे 28,000 वृक्षजातींची माहिती एकत्र करून जगाचा नकाशा तयार केला. रीड यांचा क्रम मोठ्या प्रमाणावर खरा ठरला. आणि जातींच्या हिशेबात 2 टक्के असलेली एक्टो झाडं पृथ्वीवरच्या एकूण झाडांपैकी सुमारे 60 टक्के भरली. उत्तरेच्या जंगलांत जाती मोजक्या पण झाडं अगणित, म्हणून असं होतं.

मात्र झाडांची संख्या आणि वनस्पतींचं वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 2019 मधल्याच दुसऱ्या एका जागतिक अभ्यासात जमिनीवरच्या भागांत साठलेला कार्बन मोजला, तेव्हा आर्बस्क्युलर वनस्पतींत सुमारे 241 अब्ज टन आणि एक्टो वनस्पतींत सुमारे 100 अब्ज टन निघाला. तेव्हा "जगातली बहुतेक झाडं एक्टो" हे वाक्य वाचलं की काय मोजलंय ते आधी पाहावं.

मग कारण थंडी आहे का?

थेट नाही. हा प्रश्न या विषयाचा गाभा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

अक्षांश ही नकाशावरची रेघ. बुरशीला रेघ कळत नाही, तिला कळतं ते मातीतलं अन्न कोणत्या रूपात आहे. आणि ते ठरतं पालापाचोळा किती वेगाने कुजतो यावर.

कोकणातल्या एखाद्या राईत पडलेलं पान पावसाळ्यात झपाट्याने कुजतं. ऊब, ओल, वाळवी, जिवाणू सगळे कामाला लागतात. पानातला नत्र लवकर सुटा होतो आणि साध्या क्षाररूपात मातीच्या पाण्यात येतो. हा सुटा माल गोळा करायला बारीक तंतूंचं लांबवर पसरलेलं जाळं पुरतं आणि आर्बस्क्युलर बुरशी त्यात तरबेज आहे. तिला सेंद्रिय पदार्थ स्वतः फोडता येत नाही, त्याची तिथे गरजही नसते. शिवाय उष्ण प्रदेशातली जुनी, धुपलेली, जांभ्यासारखी माती स्फुरदाला लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडून ठेवते. स्फुरद मातीत हलत नाही, जिथे आहे तिथे जाऊनच आणावा लागतो. तेही काम हीच बुरशी करते.

आता फिनलंड पाहा. वर्षातले अनेक महिने जमीन गोठलेली. पाइनच्या सुया टणक, आम्लधर्मी. त्या कुजायला वर्षानुवर्षं लागतात आणि जमिनीवर अर्धवट कुजलेल्या पदार्थाचा जाड थर साठतो. नत्र भरपूर आहे, पण प्रथिनांत आणि किचकट सेंद्रिय संयुगांत अडकलेला. इथे सुटा माल गोळा करणाऱ्याचा उपयोग नाही, बांधलेलं गाठोडं सोडणारा हवा. अनेक एक्टो बुरशांचे पूर्वज लाकूड-पाला कुजवणारेच होते आणि त्यांच्याकडची काही विकरं, म्हणजे पदार्थ फोडणारी एन्झाइम, या बुरशांनी टिकवून ठेवली आहेत. स्वीडनच्या जंगलांत कॉर्टिनेरियस या गटातल्या बुरशा अशा विकरांच्या जोरावर थरातला नत्र झाडाकडे पोचवतात. एरिकॉइड बुरशांची सेंद्रिय पदार्थ फोडण्याची ताकद त्याहून अधिक, म्हणून त्या आणखी कठीण जमिनीवर तग धरतात.

यात आणखी एक पेच आहे. एक्टो बुरशीने थरातला नत्र काढून घेतला की कुजवणाऱ्या इतर जीवांची उपासमार होते, कुजणं आणखी मंदावतं आणि ती परिस्थिती पुन्हा एक्टो झाडांच्याच फायद्याची ठरते. न्यूझीलंडमध्ये रूथ आणि पीटर गाडगीळ यांनी 1971 मध्ये पाइनच्या लागवडीत हे दाखवलं. मायकोरायझा असलेली मुळं ज्या जागेतून दूर ठेवली तिथला पाला जास्त वेगाने कुजला. प्रत्येक जंगलात हा परिणाम दिसतोच असं नाही. पण 2019 च्या नकाशात एक्टो आणि आर्बस्क्युलर जंगलांतला बदल हळूहळू न होता बऱ्यापैकी अचानक होतो आणि त्यामागे असंच स्वतःला बळ देणारं चक्र असावं, असं अभ्यासकांना वाटतं.

थोडक्यात, थंडी कुजणं मंदावते म्हणून महत्त्वाची. दीर्घ कोरडा हंगामही तेच करतो. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढच्या प्रश्नातले अपवाद कोड्यात टाकणार नाहीत.

म्हणजे उष्ण कटिबंधात एक्टो झाडं नसतातच?

असतात, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

बोर्निओ, मलेशिया, सुमात्राची सखल जंगलं अगदी विषुववृत्तावर आहेत, आणि तिथले सगळ्यात उंच वृक्ष डिप्टेरोकार्प कुळातले, म्हणजे एक्टो. काँगो खोऱ्यात गिल्बर्टिओडेंड्रॉन हे झाड मैलोन् मैल जवळजवळ एकटंच वाढतं. दक्षिण अमेरिकेत गयानामध्ये डायसिंबे तसंच करतं. दोन्ही एक्टो. इतक्या विविधतेच्या पट्ट्यात एकाच जातीचं जंगल उभं राहतं, त्यात या बुरशीचा हात असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

भारतातला याच कुळातला सगळ्यात मोठा प्रतिनिधी म्हणजे साल. छत्तीसगड, झारखंड, ओडिशा आणि हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेली सालची वनं ही एक्टो वनं आहेत. बस्तरच्या बाजारात पहिल्या पावसानंतर जो बोडा येतो आणि हंगामाच्या सुरुवातीला मटणाहून महाग विकला जातो, तो सालच्या मुळांवरच्या ॲस्ट्रेयस या बुरशीचं फळ आहे. झारखंडमध्ये त्याला रुगडा म्हणतात. साल तोडून तिथे दुसरं झाड लावलं की बोडा जातो, हे आदिवासी बायाबापड्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. बस्तरच्याच कांगेर खोऱ्यात सालचा प्रदेश संपतो आणि सागाचा सुरू होतो. म्हणजे जमिनीखाली एक्टो बुरशीचं राज्य संपून आर्बस्क्युलर सुरू होतं, तेही अक्षांश फारसा न बदलता.

हे कूळ उष्ण प्रदेशात कुठून आलं? मादागास्करमधलं सार्कोलेनेसी हे त्याचं जवळचं भावंड कूळही एक्टोच आहे. भारत आणि मादागास्कर सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हा ही भागीदारी त्याआधीच जुळली असावी आणि भारताच्या भूखंडावर बसून उत्तरेकडे आली असावी, अशी मांडणी 2004 मध्ये झाली. तिला दुजोरा देणारा पुरावा महाराष्ट्राच्या सीमेपासून फार लांब नाही. गुजरातच्या सुरत जिल्ह्यातल्या तडकेश्वर लिग्नाइट खाणीत सुमारे 5 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचा अंबर मिळतो. डिप्टेरोकार्प वृक्षांची गोठलेली राळच ती. त्या राळेत बुरशीचं आवरण असलेली मुळांची टोकं जशीच्या तशी सापडली. त्या काळी भारत विषुववृत्ताजवळ होता.

म्हणून आजचं हवामान सगळं ठरवत नाही. कोणतं झाड कुठून, कोणत्या बुरशीला बरोबर घेऊन आलं, हा इतिहासही तितकाच बोलतो.

महाराष्ट्र आणि गोव्यातली जंगलं कोणत्या प्रकारात येतात?

बहुतांशी आर्बस्क्युलर. साग, ऐन, जांभूळ, बहावा, बांबू, सगळे त्याच गटातले. सह्याद्रीतली डिप्टेरोकार्प झाडं प्रामुख्याने कर्नाटक आणि केरळात आहेत, आपल्याकडे येईपर्यंत ती विरळ होतात. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या बुरशांवर अनेक वर्षं काम झालं आहे.

युरोपात लोक जंगलातून टोपल्या भरून मशरूम आणतात. आपल्याकडच्या जंगलात तसं का दिसत नाही?

कारण पोर्सिनी, शांतरेल, ट्रफल ही सगळी एक्टो बुरशीची फळं आहेत. आर्बस्क्युलर बुरशी छत्री उगवतच नाही. तिचे बीजाणू मातीतच तयार होतात, बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यामुळे सागाच्या जंगलात मातीखाली कितीही बुरशी असली तरी टोपलीत काही पडत नाही.

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर जी चविष्ट अळंबी उगवते ती तिसरीच गोष्ट आहे. ती वाळवी आपल्या वारुळात पोसते, झाडांच्या मुळांशी तिचा संबंध नाही. जंगलात दिसणारी प्रत्येक छत्री म्हणजे मायकोरायझा असं समजू नये.

दक्षिण गोलार्धात हेच चित्र आरशासारखं उलटं दिसतं का?

नाही. दक्षिणेत त्या अक्षांशांवर जमीन कमी आणि समुद्र जास्त, त्यामुळे सायबेरियासारखा अखंड पट्टा तयारच होत नाही. तिथली झाडांची कुळंही वेगळी. पाइन तिथे मूळचे नाहीत. न्यूझीलंडचे कौरी आणि पोडोकार्प हे सूचिपर्णी असूनही आर्बस्क्युलर आहेत. एक्टोची जागा तिथे दक्षिणी बीच, म्हणजे नोथोफॅगस घेतं. चिली, टास्मानिया, न्यूझीलंड सगळीकडे ते आहे. ऑस्ट्रेलियातली निलगिरी तर दोन्ही प्रकारच्या बुरशांशी जोडी जमवते.

हिमालय चढणं म्हणजे उत्तरेकडे जाण्यासारखंच का?

बरंचसं. उंची वाढली की थंडी वाढते, कुजणं मंदावतं आणि एक्टो झाडं पुढे येतात. बांज ओक, चीड, देवदार आणि वृक्षरेषेजवळ भोजपत्र, हे सगळे एक्टो. मध्ये मध्ये एरिकॉइड बुरांश. मात्र अगदी पायथ्याशीच साल असल्यामुळे "खाली आर्बस्क्युलर, वर एक्टो" असा सरळ जिना इथे मिळत नाही. आणि जुनिपर, सायप्रस हे थंडीतले असूनही आर्बस्क्युलर आहेत. कुळाची सवय सहज सुटत नाही.

अगदी ध्रुवाजवळ काय उरतं?

झाडं संपली तरी भागीदारी संपत नाही. स्वालबार्ड बेटांवर, जिथे सुमारे 79 अंश उत्तरेला भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र 2008 पासून आहे, तिथे घोट्याच्या उंचीचीही नसलेली ध्रुवीय विलो आणि ड्रायस ही झुडपं एक्टो बुरशी बाळगून असतात. बिस्टोर्टा नावाची एक छोटी वनस्पतीही बाळगते, आणि झाड-झुडूप नसलेल्या वनस्पतीत ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे. आर्बस्क्युलर बुरशी तिथे विरळ होत जाते. अनेक मुळांत त्याऐवजी गडद रंगाच्या तंतूंची वेगळीच बुरशी दिसते.

विषुववृत्ताकडे वनस्पतींची विविधता वाढते. बुरशांचीही वाढते का?

प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाचे लेहो तेदरसू आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जगभरच्या 365 ठिकाणांची माती तपासली. एकूण बुरशांची विविधता उष्ण प्रदेशात जास्त निघाली, पण एक्टो बुरशांची सगळ्यात जास्त विविधता उत्तरेच्या मध्यम अक्षांशांत सापडली. शिवाय ध्रुवाकडे जाताना वनस्पतींच्या जाती बुरशांच्या जातींपेक्षा फार वेगाने कमी होतात. उत्तरेला एकेका झाडामागे बुरशांच्या अधिक जाती येतात.

आर्बस्क्युलर बुरशांचं आणखी वेगळं आहे. त्यांचे प्रकारच मोजके आणि बहुतेक सर्वदूर पसरलेले. 2015 मधल्या जागतिक पाहणीत 93 टक्के प्रकार एकापेक्षा जास्त खंडांवर आणि सुमारे एक तृतीयांश प्रकार सहाही खंडांवर मिळाले. इतकी मोजकी बुरशी लाखो वनस्पतींना पुरते.

मग बुरशी झाडांच्या विविधतेवर परिणाम करते का? उत्तर अमेरिकेतल्या 55 वृक्षजातींवर 2017 मध्ये झालेल्या अभ्यासात आर्बस्क्युलर झाडांची रोपं आपल्याच जातीच्या मोठ्या झाडाजवळ खुरटली, एक्टो झाडांची मात्र आईच्या सावलीत चांगली वाढली. पहिल्या प्रकारात एका जातीला जागा बळकावता येत नाही आणि इतरांना वाव मिळतो. दुसऱ्यात एकाच जातीचे घोळके बनतात. सालच्या वनात फिरलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

समुद्रातल्या बेटांवरही हाच नियम चालतो का?

तिथे तो ढिला पडतो. दूरच्या बेटावर बी पोचलं तरी त्याची बुरशी, परागकण नेणारा कीटक किंवा नत्र स्थिर करणारे जिवाणू बरोबर पोचतीलच असं नाही. अशा सोबत्यांवर अवलंबून असलेल्या वनस्पती विषुववृत्ताजवळ जास्त, म्हणून तिथल्या बेटांचं नुकसानही जास्त. परिणामी विषुववृत्ताकडे विविधता वाढण्याचा कल महासागरी बेटांवर मुख्य भूमीइतका ठळक राहत नाही. डेलाव्हो आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये हे मांडलं.

हवामान बदलाने हा नकाशा बदलेल का?

बदलेल. स्टायडिंजर यांच्या 2019 च्याच अभ्यासात असा अंदाज आहे की उत्सर्जन असंच राहिलं तर 2070 पर्यंत एक्टो झाडांचं प्रमाण सुमारे 10 टक्क्यांनी घटू शकेल, मुख्यतः समशीतोष्ण आणि उत्तरेच्या जंगलांच्या सीमेवर.

यात चिंतेचं कारण कार्बनचं आहे. एक्टो आणि एरिकॉइड जंगलांच्या मातीत प्रत्येक किलो नत्रामागे आर्बस्क्युलर मातीपेक्षा सुमारे 70 टक्के जास्त कार्बन साठतो. स्वीडनमधल्या बेटांवरच्या जंगलांत तर मातीत साठलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक भाग मुळं आणि त्यांच्यावरच्या बुरशीतून आलेला होता, गळलेल्या पानांतून नव्हे. जगभरच्या वनस्पती दरवर्षी सुमारे 13 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन मायकोरायझा बुरशांच्या हवाली करतात, असा 2023 चा अंदाज आहे. जीवाश्म इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या एक तृतीयांशाहून ही रक्कम जास्त आहे. हा सगळा कार्बन कायमचा साठतो असं मात्र नाही, बराचसा श्वसनातून परत जातो. हा आकडा सांगताना पुष्कळ जण तेवढं गाळतात.

तापमानाइतकाच दुसरा धक्का नत्राच्या प्रदूषणाचा. गाड्या, कारखाने, खतं यांतून हवेत गेलेला नत्र पावसाबरोबर जंगलात उतरतो. सुटा नत्र फुकट मिळू लागला की गाठोडं सोडणाऱ्या बुरशीची किंमत कमी होते. युरोपातल्या 20 देशांतल्या 137 वनभूखंडांच्या 2018 मधल्या अभ्यासात याचा एक्टो बुरशांवरचा परिणाम स्पष्ट दिसला.

संरक्षणाची स्थिती वाईट आहे. 2025 मध्ये मायकोरायझा बुरशांच्या विविधतेचे जागतिक नकाशे प्रसिद्ध झाले, तेव्हा सगळ्यात समृद्ध ठिकाणांपैकी 10 टक्क्यांहूनही कमी संरक्षित क्षेत्रांत असल्याचं दिसलं. आपण अभयारण्यं वाघ, पक्षी, झाडं पाहून आखली. मातीखाली काय आहे हे विचारलंच नाही.

बुरशीच्या जाळ्यातून झाडं एकमेकांशी बोलतात, हे खरं आहे का?

1997 मध्ये कॅनडात सुझान सिमार्ड यांनी बर्च आणि डग्लस फरच्या रोपांत कार्बनची देवाणघेवाण होते असं दाखवलं. तिथून "आई-झाड पिलांना भरवतं" इथपर्यंत गोष्ट वाढत गेली. 2023 मध्ये याच क्षेत्रातल्या तीन संशोधकांनी सगळा पुरावा तपासून सांगितलं की प्रत्यक्ष जंगलात अशा मदतीचा आधार फार तोकडा आहे. झाड आणि बुरशीतली देवाणघेवाण पक्की सिद्ध आहे. दोन झाडांतल्या संवादाबद्दल तेवढ्या खात्रीने बोलू नये.

शेतात मायकोरायझाचं पाकीट टाकावं का?

आधी पीक पाहा. कोबी, मोहरी, मुळा, पालक यांना त्याचा उपयोग नाही. कांदा, मका, डाळी यांना होऊ शकतो. मग माती पाहा. स्फुरदाची खतं भरपूर दिली असतील तर झाडच बुरशीला थारा देत नाही. सारखी नांगरट तिचं जाळं तोडते. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात मायकोरायझा जैवखतांची मानकं आहेत, तेव्हा पाकिटावर जिवंत घटकांची संख्या आणि मुदत छापलेली आहे का ते बघा. पण पैसे खर्च करण्याआधी डाळवर्गीय पिकाची फेरपालट आणि स्फुरदाचा माफक वापर करून पाहा. ही बुरशी तुमच्या मातीत बहुधा आहेच, तिला जगू द्यायचं आहे.

वृक्षारोपण करताना हे कुठे उपयोगी पडतं?

अगदी पहिल्या पायरीवर. झाड नवीन प्रदेशात नेलं आणि त्याची बुरशी तिथे नसली तर ते खुरटतं. प्वेर्तो रिकोमध्ये पाइन लावण्याचे प्रयत्न वारंवार फसले. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती त्या रोपांना दिल्यावर ते वाढू लागले. उलट बाजूही लक्षात घ्या. दक्षिण गोलार्धात लावलेल्या पाइनबरोबर सुइलस ही बुरशी गेली आणि आज न्यूझीलंड, पॅटागोनियात दोघं मिळून स्थानिक गवताळ प्रदेश व्यापत आहेत. म्हणून परदेशी झाडाबरोबर परदेशी बुरशी आणणं हा उपाय मला धोक्याचा वाटतो.

आपल्याकडे आर्बस्क्युलर झाडांचं काम तुलनेने सोपं आहे, कारण त्यांची बुरशी जवळजवळ सगळीकडे असते. रोपवाटिकेत जवळच्या जुन्या राईतली मूठभर माती मिसळली तरी पुष्कळ फरक पडतो. ती देवराईतली असेल तर आधी गावकऱ्यांना विचारा. सालसारख्या झाडासाठी मात्र सालच्याच वनातली माती लागते, सागाखालची चालत नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे जेसीबीने वरचा थर खरवडून काढलेला माळ. तिथे खड्डे खणण्याआधी एक-दोन पावसाळे स्थानिक गवत वाढू द्यावं. गवताच्या मुळांबरोबर बुरशी परत येते.

हे सगळं स्वतः पाहता येईल का?

येईल. एक्टोसाठी फक्त भिंग लागतं. निलगिरीच्या जुन्या लागवडीत पावसाळ्यात जा, झाडाखालचा पाला बाजूला करून वरच्या दोन इंचांतली बारीक मुळं हलक्या हाताने काढा आणि पाण्यात धुवा. आखूड, जाडसर, आवरण चढलेली टोकं दिसली तर ती एक्टो. जवळपास मातकट पिवळसर गोळ्यासारखं, फोडल्यावर आत दाणे आणि तपकिरी भुकटी असलेलं पिसोलिथसचं फळही मिळू शकतं.

आर्बस्क्युलरसाठी सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा हवी. कांद्याची किंवा मक्याची पांढरी मुळं 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पारदर्शक करतात, धुतात आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 टक्के शाई घालून त्यात काही मिनिटं उकळतात. हायड्रॉक्साइड कातडी जाळतं, त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि शिक्षक हवेतच. मुळं दाबून काचपट्टीवर ठेवली की निळ्या तंतूंच्या रेषा, अंडाकृती पिशव्या आणि पेशींच्या आतली बारीक झुडपं दिसतात. मुळं शेतातून आणताना खत न घातलेल्या कोपऱ्यातली आणि खत घातलेल्या वाफ्यातली वेगवेगळी आणा, दोन्हींतला फरक मोजण्यासारखा असतो.